माणदेशाच्या दोन आठवणी

दिल्लीच्या नैर्ऋत्येला द्वारका नावाचे जे विस्तीर्ण उपनगर वसले आहे, त्याच्या बाराव्या सेक्टरमध्ये, बहुमजली इमारतींच्या सान्निध्यात, दगडी बांधणीची एक लहानशी बारव आहे. उत्तरेत अशा पायऱ्यांच्या विहिरीला बावली म्हणतात. ही बावली लोदी राजवटीच्या काळातील, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची मानली जाते आणि लोहारहेडी गावची बावली म्हणून ती ओळखली जाते. ते गाव मात्र आज नाही. विहीर उरली आणि तिचे पाणी पिणारा गाव नाहीसा झाला. आसपासची पप्पनकलां, अंबरहाई, पोचनपूर, बागडोला, काकरोला ही गावे नावाने टिकून आहेत; पण त्यांच्या भोवतीची गव्हाची आणि मोहरीची शिवारे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दिल्ली विकास प्राधिकरणाच्या आराखड्यात विलीन झाली. हा सारा प्रकल्प आरंभी पप्पनकलां या गावाच्याच नावाने ओळखला जात असे. पुढे ते नावही मागे पडले. २००५ सालच्या अखेरीस मेट्रो रेल्वे तेथे पोचली, तेव्हा नांगरट कोठे होती आणि गायरान कोठे होते हे सांगणारी खूण जमिनीवर फारशी उरली नव्हती.

अशा गावांची नोंद कोण ठेवतो? महसूल खाते ठेवते. दिल्लीच्या परिसरात १९०८ सालापासून गावठाणाची हद्द 'लाल डोरा' या नावाने ओळखली जाते. नकाशावर त्या रेषेच्या आत वस्ती आणि बाहेर शेती. शिलालेखही नोंद ठेवतात. द्वारकेला लागून असलेल्या पालम गावी बल्बनच्या कारकिर्दीत, तेराव्या शतकात, एका बारवेसाठी कोरलेला संस्कृत लेख इतिहासकारांना सुपरिचित आहे. दिल्लीवर कोणी कोणी राज्य केले, बारव बांधणाऱ्या धनिकाचे कुळ कोणते, हे त्यात तपशिलाने सांगितले आहे. परंतु त्या बारवेवर पाणी भरावयास कोण येत होते, कोणाला येऊ दिले जात नव्हते, वैशाखात पाणी किती पायऱ्या खाली जात असे, हे शिलालेख सांगत नाही आणि नकाशाही सांगत नाही. गावाच्या रोजच्या जगण्याचा हा इतिहास जर कोठे राहत असेल, तर तो आठवणीत राहतो. आणि आठवण टिकते ती कोणी लिहिली तरच.

मराठी वाङ्मयापुरते पाहिले, तर अशी आठवण लिहिली जाण्यास बराच काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकात खेडे साहित्यात आले ते प्रश्न म्हणून. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा केली. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांच्या 'बळीबा पाटील' या कथेकडे ग्रामीण कादंबरीचा आरंभ म्हणून पाहिले जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात रविकिरण मंडळाच्या काळात जानपद गीतांची लाट आली आणि खेडे रम्य झाले. मोट, पाखरे, न्याहारी घेऊन शेतावर निघालेली कारभारीण अशा ठरावीक चित्रांनी ते सजविण्यात आले. एका परंपरेत खेडे हे अन्यायाचे उदाहरण होते, दुसरीत ते शहरी मनाचे विश्रांतिस्थान होते. विशिष्ट भूमीवर, विशिष्ट पावसात, विशिष्ट नावाची माणसे रोज सकाळी उठून काय करतात, ही साधी गोष्ट दोन्हींच्या फटीतून निसटून जात होती. पहिल्या परंपरेची नैतिक तीव्रता निर्विवाद आहे. दुसरीचे बरेचसे लेखन आज केवळ अभ्यासाचा विषय उरले आहे. स्मरण आणि स्मरणरंजन यांतील भेद मराठी वाचकाच्या ध्यानात खऱ्या अर्थाने आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्यात माणदेश नावाच्या एका उपेक्षित मुलखाचा वाटा मोठा आहे.

माणदेश हा माणगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश. शंभू महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी दहिवडी, आटपाडी, सांगोला असा प्रवास करीत भीमेला मिळते. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि येथे येईपर्यंत त्यांत फारसे काही उरत नाही. त्यामुळे हा पर्जन्यछायेचा, बाजरी-ज्वारीचा, हिवर-बाभळींचा आणि मेंढरांचा मुलूख झाला. खिल्लार बैल आणि धनगरांचे वाडे ही त्याची ओळख. पाऊस चुकला की मेंढरे घेऊन 'जगायला' बाहेर पडणे हा येथील वार्षिक क्रमच होता. यातील आटपाडीचा भाग औंध संस्थानात मोडत असे. हे संस्थान लहान, परंतु त्याची कथा विलक्षण. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना अमलात आणली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांनी याच प्रयोगावरून रचली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. त्याचा आटपाडी भाग पुढे दक्षिण सातारा आणि १९६० नंतर सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात गेला.

या एका तालुक्याने मराठीला दोन गद्यलेखक दिले. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ सालचा, आटपाडीचा. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळ्याचा. १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते आणि पुढच्याच वर्षी जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष खरात झाले. दोघांचे निधनही एकाच वर्षी, २००१ साली झाले. इतके साम्य असूनही मराठी समीक्षेने त्यांना बहुधा दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले: माडगूळकर 'ग्रामीण', खरात 'दलित'. अध्यापनाच्या सोयीसाठी हे कप्पे उपयोगी असतील. पण माती एकच आहे, दुष्काळ एकच आहे आणि पांढरीही एकच आहे, याचा त्यामुळे विसर पडतो.

माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. त्याआधी ते बेचाळीसच्या आंदोलनात सहभागी झाले होते, काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि चित्रकलेकडे त्यांची ओढ होती. चित्रकाराची ही दृष्टी त्यांच्या गद्यात उतरली आहे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस ही माणसे मोजक्या रेषांत उभी राहतात. अंगावर धड वस्त्र नसण्याची लाज आणि ती झाकण्याची धडपड हा 'धर्मा रामोशी' चा विषय. त्यावर लेखक कोठेही भाष्य करीत नाही. दारिद्र्य हा तेथे सिद्धांत म्हणून येत नाही; एका धोतराची गोष्ट म्हणून येते. त्यापूर्वीच्या ग्रामीण कथेला सवय होती ती एक तर हळहळण्याची किंवा हसविण्याची. माडगूळकरांनी दोन्ही टाळले आणि वाचकाला त्या माणसांसमोर नुसते उभे केले.

१९५५ साली आलेल्या 'बनगरवाडी' त हीच रीत दीर्घ रूपात दिसते. धनगरांच्या पस्तीस-चाळीस घरांच्या वाडीवर एक तरुण शिक्षक येतो. शाळा भरवणे, कारभाऱ्याचा विश्वास मिळवणे, वाडीसाठी तालीम बांधून घेणे एवढाच काय तो उद्योग. कथानक म्हणावे असे काही घडत नाही. ऋतू पालटतात, मेंढरे रानात जातात आणि परततात, भांडणे होतात आणि मिटतात. मग पाऊस येत नाही. गवत वाळते, मेंढरे मरू लागतात, माणसे एकेक करून निघून जातात आणि वाडी ओस पडते. या कादंबरीतील निसर्ग हा माणसांच्या मागे टांगलेला पडदा नव्हे. पाऊस पडला तर शाळेत मुले आहेत. पाऊस पडला नाही तर मुले नाहीत. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली, म्हणजे जवळजवळ याच सुमारास आले. त्यात बारा मासांचे वैभव एका व्यासंगी रसिकाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. माणदेशात ऋतूंचे चक्र फिरता फिरता मध्येच थांबते, आणि थांबले की गाव मोडतो. मराठी निसर्गलेखनाचे हे दोन ध्रुव एकाच दशकात सिद्ध झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. 'बनगरवाडी' ची भाषांतरे पुढे अनेक भाषांत झाली आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. 'बनगरवाडी' लिहिली गेली तेव्हा औंध संस्थान संपून सात वर्षे लोटली होती. लेखक पुण्यात स्थिरावला होता. १९५५ सालीच तो पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत दाखल झाला आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिला. शिवाय मध्ये १९४८ सालची जाळपोळ घडून गेली होती. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबांचा गावाशी असलेला संबंध कायमचा तुटला. या अनुभवावर माडगूळकरांनी १९६४ साली 'वावटळ' लिहिली. तिच्यातील पात्रे गावाकडे निघतात आणि पोचतात ती राखेपाशी. 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' यांच्यामागे 'वावटळ' ठेवून वाचली, म्हणजे त्या पुस्तकांतील संयमाचे मोल कळते. ज्याचा परतीचा रस्ता असा बंद झाला, त्याच्या हातून गावाविषयी कटुता किंवा उमाळा यांपैकी काही एक सहज लिहिले गेले असते. माडगूळकरांनी तपशील लिहिला. उत्तरायुष्यात त्यांनी 'करुणाष्टक' मध्ये आईची आणि भावंडांची कथा सांगितली. 'सत्तांतर' मध्ये तर वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाकडे त्याच अलिप्त डोळ्याने पाहिले आणि त्या पुस्तकाला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणूस, जनावर आणि रान यांना एकाच पातळीवरून न्याहाळण्याची ही सवय माणदेशातलीच होती.

तरीही माडगूळकरांच्या गावात काही जागा अशा आहेत, की जेथे त्यांचा डोळा पोचत नाही. हा दोष त्यांच्या प्रतिभेचा म्हणता येणार नाही. तो उभे राहण्याच्या जागेचा परिणाम आहे. रामोशी, मुलाणी, चांभार यांची चित्रे त्यांनी सहानुभूतीने काढली. पण ती माणसे लेखकाच्या दारी, ओसरीवर, वाटेत भेटलेली आहेत. त्यांच्या घरातून गाव कसा दिसतो, हे सांगण्यास त्यांच्या घरातलाच लेखक हवा होता.

शंकरराव खरातांचे वडील गावचे तराळ होते. तराळकी म्हणजे महार वतनातील गावकाम: चावडीवर हजर राहणे, दवंडी देणे, सरकारी टपाल आणि अंमलदाराचे ओझे दुसऱ्या गावापर्यंत पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, बेवारस प्रेताची राखण करणे. मोबदला म्हणजे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. या घरातून निघून खरात वकील झाले, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत घडले, कथाकार म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८१ साली आलेल्या आत्मकथनाला त्यांनी 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. निघण्याची आणि पोचण्याची अशी दोन्ही ठिकाणे त्या जोडशब्दात आली आहेत.

या आत्मकथनातील एक प्रसंग मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. गावच्या विहिरीत एक प्रेत सापडते. पोलीस येईपर्यंत त्याची राखण करणे हे तराळाचे काम. मुलगा उपाशी बापासाठी भाकरी घेऊन विहिरीवर जातो. मग अधिकारी येतात आणि प्रेत वर काढण्यासाठी विहिरीत उतरण्याची पाळी त्या बापावरच येते. आत उतरण्यात जिवाला धोका आहे, हे काठावर उभ्या असलेल्या मुलाला दिसते. खरात हा प्रसंग एका मुलाच्या भीतीच्या अंगाने सांगतात. त्यातील विसंगती मात्र वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते. ज्या पाणवठ्यावर अस्पृश्याने घागर बुडवली तर पाणी बाटते, त्याच पाणवठ्यात प्रेत काढण्यासाठी उतरण्याचा मान त्याचाच. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो हक्क मागितला गेला, त्याची गावपातळीवरची पार्श्वभूमी समजून घ्यावयाची, तर हा प्रसंग एखाद्या प्रबंधाहून अधिक सांगतो.

खरातांची शैली माडगूळकरांसारखी रेखीव नाही. ते विस्ताराने सांगतात, थांबतात, पुन्हा सांगतात. कार्यकर्त्याचा आणि वकिलाचा आवाज मधून मधून येतो. काही समीक्षकांना हे कलात्मकतेचे उणेपण वाटले. पण या शैलीचे स्वतःचे प्रयोजन आहे. चित्रकाराला आकृती पुरी झाली की कुंचला खाली ठेवता येतो. साक्षीदाराला तसे करता येत नाही. जे पूर्वी कोणी नोंदलेच नाही, ते एकदा सांगून पुरत नाही. गावकामाची यादी, वाटेतली कोसांची मोजणी, कोणत्या घरून कसली भाकरी मिळे याचा तपशील हे सारे त्या लेखनात पुराव्याच्या रूपाने येते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाल्यानंतर जी आत्मकथने एकापाठोपाठ आली, त्यांनी मराठी गद्याला हीच साक्षीदाराची वाणी दिली. 'तराळ-अंतराळ' त्यांपैकीच एक.

आता ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत. चावडी दोन्हींत आहे. माडगूळकरांच्या जगात ती लोक जमण्याची, कागद वाचण्याची, भांडण तोडण्याची जागा. खरातांच्या जगात ती हाक येण्याची जागा. रात्री-अपरात्री तेथून बोलावणे आले की उठून जावे लागते. दुष्काळ दोन्हींत आहे. धनगर मेंढरे घेऊन दूरच्या मुलखात जाऊ शकतो. तराळाला गावकाम सोडून जाता येत नाही आणि राहावे तर घराघरांतील भाकरी आटलेली. शाळा दोन्हींत आहे. एकीकडे मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला मास्तर आहे, दुसरीकडे वर्गात शिरण्यासाठी धडपडणारा मुलगा. एकाच वस्तूच्या या दोन बाजू आहेत आणि एका बाजूने दुसरी खोटी ठरत नाही. 'तराळ-अंतराळ' वाचल्यावर 'बनगरवाडी' टाकाऊ होत नाही. तिच्या वाडीतले अंतर मात्र दिसू लागते. 'बनगरवाडी' वाचल्यावर 'तराळ-अंतराळ' मधले रान, वारा आणि कोरडी नदी अधिक स्पष्ट होतात, कारण ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याला भोवतालच्या रानाकडे पाहण्याची सवड क्वचितच मिळालेली असते.

या दोन आठवणींनीही गाव पुरा होत नाही. गावातील निम्मी माणसे स्त्रिया होत्या. दोन्ही लेखकांकडे त्या आहेत. पण स्वतःच्या तोंडून बोलताना फारशा दिसत नाहीत. ती उणीव खानदेशात बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांनी काही अंशी भरून काढली; त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली प्रकाशात आला. पुढे आनंद यादवांनी 'झोंबी' त कागलच्या कुणबी घरातील दारिद्र्याची आणि शिक्षणासाठीच्या झगड्याची कहाणी सांगितली. अशा पुस्तकांची जी ओळ उभी राहते, तीतून मराठी खेड्याचा एकसंध इतिहास निघत नाही. आणि तसा तो निघावा ही अपेक्षाही नसावी. गाव एकसंध कधीच नव्हता. ज्याने त्याने आपापल्या उंबऱ्यावरून तो पाहिला, म्हणून उंबरे जितके अधिक, तितकी ही नोंद विश्वसनीय.

दरम्यान माणदेशही बदलला आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी एकविसाव्या शतकात आटपाडी तालुक्यात पोचले. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी त्या भागातील शेतकऱ्यांनी दीर्घ चळवळ केली. जेथे कुसळे उगवत, तेथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. ही घटना स्वागतार्ह आहे. दुष्काळाची हौस कोणाला असत नाही. परंतु ज्या पिढीने मेंढरे मरताना पाहिली नाहीत आणि तराळाची काठी पाहिली नाही, तिला आपला तालुका कशातून वर आला हे कळण्याचा मार्ग या पुस्तकांतूनच जातो. कायद्याने वतने गेली, कालव्याने पाणी आले. त्याआधी काय होते याची साक्ष सरकारी दप्तरात असेलही, पण ती तेथे आकड्यांच्या रूपात आहे. धोतर, भाकरी आणि विहिरीच्या काठावर उभा असलेला मुलगा हे आकड्यांत मावत नाहीत.

द्वारकेच्या बारवेकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे तिचे दगड अपुरे का वाटतात ते कळते. त्यांचे जतन झाले, हे योग्यच आहे. लोहारहेडीत शेवटची पेरणी केव्हा झाली, बावलीवर कोणाची पाळी आधी आणि कोणाची नंतर असे, जमीन गेल्यावर लाल डोऱ्याच्या आत राहिलेल्या भूमिहीनांच्या वाट्याला काय आले आणि जमिनीचे मालक असलेल्यांच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न मात्र दगडांना विचारता येत नाहीत. त्या गावांत वाढलेली, शेतात राबलेली माणसे अजून हयात आहेत. पुणे, मुंबई, नागपूर या शहरांनी गिळलेल्या गावठाणांतही अशी माणसे आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने माडगूळकर आणि खरात यांना एकत्र वाचावे ते एवढ्यासाठी, की अशा माणसाकडे गेल्यावर एकाच घराशी थांबून चालत नाही हे त्याच्या ध्यानी यावे. पाटलाच्या ओसरीवर बसून ऐकलेला गाव टिपून झाला, की वही मिटण्यापूर्वी गावकुसाबाहेरच्या वस्तीतही जाऊन यावे लागते.